कामाची हॅट समारंभात: अकुब्रा आणि तिच्या जातकुळीतल्या हॅट रोजच्या पोशाखात कशा घालाव्यात?

वॅगाकर (धागाकर्ते)

न्यू साउथ वेल्सच्या रिव्हरिना भागात राहायला आल्यापासून एक गोष्ट सतत नजरेत भरते आहे. इथल्या शेतकऱ्याकडे, मेंढ्या पाळणाऱ्याकडे किंवा गुरांच्या लिलावात बोली पुकारणाऱ्या दलालाकडे साधारणपणे दोन हॅट असतात. पहिली कामाची: घामाचे पट्टे फितीच्या वर चढलेले, काठ वाकडातिकडा झालेला, माथ्यावर बोटांचे काळे डाग. दुसरी पुष्कळदा अगदी त्याच घाटाची, पण ती कपाटावरच्या खोक्यात ठेवलेली असते आणि बँकेत, कृषी प्रदर्शनाला, लग्नाला किंवा अंत्यविधीला जातानाच बाहेर निघते. पहिली पार कामातून गेली की दुसरी तिच्या जागी शेतावर रुजू होते आणि खोक्यात नवी येते.

म्हणूनच ऑस्ट्रेलियाची कामाची हॅट समारंभाला चालते का, हा प्रश्न मला इथल्या लोकांनी कधीच सोडवून टाकलेला वाटतो. कामाची आणि समारंभाची हॅट वेगळी ठरते ती तिच्या अवस्थेवरून. स्वच्छ, घासलेली, काठ सरळ असलेली हॅट बाहेरची आणि मळलेली ती शेतावरची, इतका हा साधा हिशेब आहे.

ज्यांना अकुब्रा या ऑस्ट्रेलियन बनावटीच्या हॅटची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका देतो. बेंजामिन डंकर्ली या इंग्लंडहून आलेल्या कारागिराने १८७०च्या दशकात टास्मानियातल्या होबार्ट येथे हॅटचा कारखाना काढला. सशाच्या केसांची राठ टोके काढून टाकून खालची मऊ लव वेगळी करणारे यंत्र त्याने बनवले आणि फेल्टसाठी, म्हणजे लव दाबून केलेल्या जाड कापडासाठी, नेमकी ती लवच लागत असल्यामुळे धंद्याने वेग घेतला. पुढे कारखाना सिडनीला आला, १९०४ मध्ये स्टीफन कीअर तिथे कामाला लागले, डंकर्लींचे जावई झाले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तो चालवला. ‘अकुब्रा’ हे नाव १९१२ पासूनचे आहे. १९७४ मध्ये कारखाना किनाऱ्यालगतच्या केम्प्सी गावी गेला आणि २०२३ मध्ये कीअर घराण्याने कंपनी अँड्र्यू आणि निकोला फॉरेस्ट यांच्या गुंतवणूक समूहाला विकली. त्याच समूहाकडे आर. एम. विल्यम्स हे बुटांचे नाव आधीपासून आहे.

माझी गरज दुहेरी आहे. कामावर चालत जाताना रोज घालता येईल अशी एक हॅट मला घ्यायची आहे आणि येत्या उन्हाळ्यात द्राक्षमळ्यात होणाऱ्या एका लग्नाला सूटवर शोभेल अशीही एक हवी आहे. एकीतच दोन्ही भागले तर उत्तमच. घाट, रंग, काठाची रुंदी आणि रीतभात यांविषयी जाणकारांनी लिहावे, आणि ज्यांना ही कल्पनाच पटत नाही त्यांनीही निःसंकोच लिहावे.


जुना_शिंपी

दोन हॅटचा मुद्दा मला ग्रामीण भागापुरता मान्य आहे. रिव्हरिनातल्या वॅगासारख्या ठिकाणी समोरच्याला हॅट ओळखीची असते, त्यामुळे त्याची नजर ती स्वच्छ आहे की मळलेली आहे इकडे जाते. सिडनीच्या मार्टिन प्लेस या कचेऱ्यांच्या भागात मात्र नजर आधी आकृतीवर पडते आणि अवस्था नंतर दिसते, म्हणून शहरात घाटाचा विचार करावाच लागतो.

अकुब्राचा ‘कॅटलमन’ हा घाट घ्या. काठ रुंद, दोन्ही बाजूंनी वर वळवलेला, पुढे-मागे उतरता, माथ्याला पुढून चिमटा. घोड्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर सावली पडावी आणि पावसाचे पाणी पुढून-मागून निथळून जावे, हा त्या वळणामागचा विचार. रुंद खांद्यांच्या उंच माणसाला तो जाड कापडाच्या कोटावर झकास दिसतो. पण सडपातळ बांध्याच्या माणसाने अरुंद कॉलरचा सूट घालून डोक्यावर कॅटलमन चढवला तर लोकांना हॅट दिसते, माणूस दिसत नाही. आपल्याकडच्या सर्वसाधारण बांध्याला ‘स्नोई रिव्हर’ जास्त जमून येते. तिचा काठ थोडा आवरता असतो आणि वळणही सौम्य असते. ‘कूबर पीडी’ हा घाट दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ओपल या रत्नाच्या खाणींच्या गावावरून ओळखला जातो. त्याच्या विणलेल्या चामडी फितीत ओपलचे तुकडे बसवलेले असतात. ती फीत रोजच्या जीन्सवर गोड दिसते, टायवर मात्र जरा जास्त बोलते.

सूटसाठीच घ्यायची असेल तर अकुब्राचेच शहरी घाट आहेत. ‘स्टाइलमास्टर’ आणि ‘बोगार्ट’ यांचे काठ अडीच इंचांच्या आसपास असतात, काठाला रिबिनीची किनार किंवा माथ्याभोवती रुंद रेशमी फीत असते आणि पुढचा काठ खाली झुकवता येतो. १९६०च्या दशकात मोटारी आणि बिनटोपीची केशरचना रूढ होईपर्यंत सिडनी-मेलबर्नचे कारकून, दुकानदार आणि वकील याच घाटाच्या हॅट घालून कामावर जात असत.

तुम्हाला एकीतच भागवायचे आहे म्हणून तिसरा मार्ग सुचवतो. ‘कॅम्पड्राफ्ट’ ही हॅट माथ्याला आकार न देता, गोल घुमटासारखीच विकली जाते आणि तिला हवा तो आकार आपण द्यायचा असतो. किटलीच्या तोंडातून वाफ जोरात येऊ लागली की हॅट वीतभर अंतरावर धरून फिरवत राहावी. फेल्ट बोटांना सैल लागू लागला की तळहाताच्या कडेने मधला खळगा दाबावा, मग दोन्ही बाजूंना आंगठ्याने हलके आत ढकलावे आणि गार होईपर्यंत तसेच धरून ठेवावे. गार झाल्यावर आकार बसतो. मनासारखा बसला नाही तर पुन्हा वाफ द्यावी. खळगा उथळ ठेवला तर ती शहरात शोभते आणि खोल, टोकदार केला तर मळ्यात. मी स्वतः पुढचा चिमटा फारच सौम्य ठेवतो, कारण लोक हॅट उचलताना नेमके तिथेच बोटांनी पकडतात आणि वर्षा-दोन वर्षांत फेल्टला तिथेच चीर जाते. हॅट नेहमी काठाला धरून उचलावी.

रंगाबद्दल इतकेच सांगतो की ‘सँड’ म्हणजे वाळूचा रंग सर्वांत देखणा आणि सर्वांत लवकर मळणारा आहे. राखाडी सूटवर गडद करडा म्हणजे ‘ग्राफाइट ग्रे’ घ्यावा. निळ्या सूटवर हिरवट झाक असलेला ‘ब्लूग्रास ग्रीन’ कसा दिसेल अशी शंका येते, पण तो अनपेक्षितपणे सुरेख दिसतो. काळी हॅट मात्र लग्नाला घालू नये. ती एक तर पडद्यावरच्या खलनायकाची वाटते नाही तर अंत्यविधीची.


मधली_गल्ली

वॅगाकरांनी विरोधी मतही मागितले आहे म्हणून स्पष्ट लिहितो. मेलबर्नमध्ये अकुब्रा घातलेला माणूस मला दोनच ठिकाणी दिसतो: विमानतळावरच्या स्मरणवस्तूंच्या दुकानात आणि निवडणुकीच्या हंगामात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर. दुष्काळी भागाचा दौरा निघाला की शहरातला पुढारी घडीसुद्धा न मोडलेली नवीकोरी हॅट घालून एखाद्या गोठ्याच्या कुंपणाला टेकून उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची यथेच्छ टिंगल होते. ती टिंगल रास्तच आहे, कारण न केलेल्या कामाचे श्रेय त्या हॅटमधून उचलले जात असते.

आपण स्थलांतरित माणसे. कार्यालयात संगणकासमोर बसायचे, आठवड्यातून एकदा बागेतले गवत कापायचे आणि डोक्यावर गुराख्याची हॅट मिरवायची, यात मला सोंग दिसते. धोतर नेसून आलेल्या परदेशी पाहुण्याचे आपण कौतुक करतो हे खरे. पण तोच पाहुणा धोतर नेसून रोज बसने कामावर जाऊ लागला तर आपल्याला काय वाटेल, याचा विचार व्हावा.


वॅगाकर (धागाकर्ते)

पुढाऱ्यांच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत आहे, पण त्यालाही एक ठळक अपवाद आमच्याच भागातला आहे. टिम फिशर हे १९९६ ते १९९९ या काळात ऑस्ट्रेलियाचे उपपंतप्रधान होते आणि ते रिव्हरिनातल्या बोरी क्रीकचे शेतकरी होते. त्यांची हॅट गावात, राजधानीत आणि परदेशात सारखीच त्यांच्या सोबत असे आणि लोक त्यांना हॅटवरूनच ओळखत. त्यांच्या हॅटची टिंगल झाली तरी ती प्रेमाची होती, कारण छायाचित्रकार निघून गेल्यावरही ती डोक्यावर असणार याची लोकांना खात्री होती. नव्या हॅटवर लोक हसतात ते तिच्या नवेपणाला. रोज वापरली, दोन उन्हाळे काढले, की हसणे आपोआप थांबते. म्हणजे सोंगावरचा उपाय हॅट न घालणे हा नसून ती भरपूर घालणे हा आहे, असे मला वाटते.


पुराणवस्तू

‘कामाची हॅट शहरात’ हे प्रकरण अकुब्रापेक्षा बरेच जुने आहे. एकोणिसाव्या शतकात या देशाची खरी स्थानिक हॅट फेल्टची नव्हतीच. ती ‘कॅबेज ट्री’ नावाच्या ताडाच्या पानांची असे. पूर्व किनाऱ्यावर वाढणाऱ्या या झाडाची कोवळी पाने उकळून, वाळवून, उन्हात पांढरी करून त्यांच्या बारीक पट्ट्या काढत आणि त्या विणून रुंद काठाची, उंच माथ्याची हलकी हॅट तयार होत असे. गुराखी, कैदी आणि वसाहतकरी, सगळेच ती घालत.

शतकाच्या मध्याला सिडनीतल्या तरुण टोळक्यांनी हीच हॅट आपली खूण म्हणून उचलली. त्यांना ‘कॅबेज ट्री मॉब’ म्हणत आणि इंग्लंडहून आलेल्या प्रतिष्ठितांच्या उंच काळ्या हॅट रस्त्यात टपली मारून डोळ्यांवर उतरवणे हा त्यांचा आवडता उद्योग होता. तेव्हा कामाची हॅट शहरात मिरवणे म्हणजे वरच्या वर्गाची नक्कल तर नव्हतेच, उलट त्यांना खिजवणे होते. मधली_गल्ली यांना दिसणारे सोंग त्या पोरांमध्ये कोणालाच दिसले नसते. दिसला तो उद्धटपणा.

गंमत म्हणजे या हॅटचे उत्तम विणकाम असलेले नमुने पुढे महाग होत गेले आणि सधन जमीनदारही ते घालू लागले.


उत्तरायण

मी नॉर्दर्न टेरिटरीत राहतो आणि आतापर्यंतच्या चर्चेत माणसांचा एक मोठा गट सुटला आहे असे मला वाटते. ‘गुराख्याची हॅट’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गोरा शेतकरी येतो. उत्तर ऑस्ट्रेलियातली प्रचंड गुरांची कुरणे मात्र कित्येक दशके ज्यांच्या कष्टावर चालली ते घोडेस्वार मुख्यतः आदिवासी होते. पगार नाममात्र किंवा शून्य; त्याऐवजी पीठ, चहा, साखर, तंबाखू आणि कपडे. १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगिआरी यांच्या नेतृत्वाखाली गुरिंजी लोकांनी वेव्ह हिल येथील कुरणावरचे काम सोडले. लढा वेतनाचा होता आणि त्याहून अधिक जमिनीचा. १९७५ मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगिआरींच्या हातात मूठभर माती ओतून त्या जमिनीचा पट्टा दिला, ते छायाचित्र बहुतेकांनी पाहिले असेल.

आजही इकडच्या रोडिओला (उधळत्या घोड्या-बैलांवर स्वारीच्या स्पर्धांना) किंवा गावच्या घोड्यांच्या शर्यतींना गेलात तर कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत पट्टा आणि डाग नसलेली हॅट अशा थाटात येणाऱ्या वयस्क आदिवासी घोडेस्वारांइतके नीटनेटके दुसरे कोणी नसते. त्यांच्यासाठी ती हॅट म्हणजे आपण काय काम करत होतो याची साक्ष आहे. अशा माणसासमोर हॅट घालून उभे राहायला मला संकोच वाटत नाही, कारण इथल्या उन्हात डोके झाकणे सगळ्यांनाच भाग आहे. पण फितीत गरुडाचे पीस, मगरीचे दात, काठाला टांगलेली बुचे असा साज करून कोणी आले तर मला त्याच्या वतीने शरमल्यासारखे होते. बुचे लटकवलेली हॅट मी इथे पर्यटकांच्याच डोक्यावर पाहिली आहे. ती बुचे माश्या हाकलायला असतात म्हणे, पण इथले लोक त्यासाठी जाळी वापरतात.


सशाचे_शिंग

वरच्या सर्व उत्तम प्रतिसादांत एक अडचण कोणी मांडली नाही. आमच्यासारख्या शाकाहारी घरात सशाच्या लवेची हॅट आणावी का?

मी याचा बराच विचार केला आहे, तो असा. ऑस्ट्रेलियात ससा मूळचा नाही. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने व्हिक्टोरियातल्या बारवॉन पार्क येथे शिकारीच्या हौसेखातर ससे सोडले आणि काही दशकांत त्यांनी देशाचा मोठा भाग कुरतडून काढला. पश्चिम ऑस्ट्रेलियाने तर त्यांना थोपवण्यासाठी हजारो किलोमीटर लांब कुंपणे घातली. ज्या उपद्रवी प्राण्याला एरवीही मारले जात होते त्याच्याच लवेतून हॅट बनते, हा युक्तिवाद काही काळ मला पटला होता. तो आता तितकासा टिकत नाही. १९५० मध्ये मिक्सोमॅटोसिस हा रोग मुद्दाम पसरवण्यात आला, १९९५ मध्ये दुसरा विषाणू प्रयोगाच्या बेटावरून निसटला, सशांची संख्या कोसळली आणि कारखान्याला लागणारी लव बऱ्याच प्रमाणात परदेशातून आणावी लागू लागली. तिथला ससा शेतात पिके खाणारा नसतो, तो पिंजऱ्यात वाढवलेला असतो. तेव्हा ‘नाहीतरी तो मारलाच असता’ ही पळवाट ज्याला वापरायची त्याने जरूर वापरावी, मला ती बंद झाल्यासारखी वाटते.

पर्याय आहेत, पण ते सगळे तडजोडीचे आहेत. मेंढीच्या लोकरीचा फेल्ट स्वस्त मिळतो. मात्र पावसात त्याचा काठ लोळतो आणि वाळताना तो आक्रसतो, कारण लोकरीची वीण सशाच्या लवेइतकी घट्ट बसत नाही. सशाच्या लवेच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकत जातात आणि सुरुवातीला भल्यामोठ्या शंकूसारखा असलेला सैल थर हळूहळू आटून डोक्याच्या मापाचा होतो. लोकरीत ही किमया अर्धीच साधते. मेण लावलेल्या सुती कापडाच्या हॅट पावसात उत्तम, पण उन्हात डोके उकडते आणि समारंभाला त्या चालत नाहीत. ‘बार्मा’सारख्या घडी घालता येणाऱ्या चामडी हॅट कांगारूच्या कातड्याच्या असतात, म्हणजे आमचा प्रश्न तिथेच राहतो. मी अखेर गवती हॅटवर आलो आणि पुराणवस्तू यांचा प्रतिसाद वाचल्यावर ती निवड या मातीला धरूनच आहे असे समाधान मिळाले.


सोनमोहर

चर्चा सगळी पुरुषांच्या सूटभोवती फिरते आहे. अकुब्राच्या बहुतेक घाटांत बायकांचे आणि पुरुषांचे असा भेद नसतो. माप डोक्याच्या घेराच्या सेंटिमीटरमध्ये असते, एवढेच. क्वीन्सलँडच्या आतल्या भागात बर्ड्सव्हिलच्या घोड्यांच्या शर्यती १८८२ पासून होत आहेत आणि तिथे बायका सुती फ्रॉकवर, लांब बाह्यांच्या शर्टावर सर्रास याच हॅट घालतात. मेलबर्न कपला डोक्यावर पिसांचा तुरा खोचून येतात तो थाट वेगळा. तिथे ऊन अडवणे हा हेतूच नसतो.

आणि ऊन हा मुद्दा इतका मागे का पडावा? या देशात सत्तरीपर्यंत दर तीन जणांपैकी दोघांना त्वचेच्या कर्करोगाचे निदान होते. १९८१ मध्ये ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ (शर्ट चढवा, सनस्क्रीन लावा, हॅट घाला) ही मोहीम सुरू झाली आणि पुढे अनेक शाळांत हॅट नसेल त्या मुलाला उन्हात खेळू न देण्याचा नियम आला. प्रौढांसाठी काठ किमान साडेसात सेंटिमीटर असावा असे कॅन्सर कौन्सिल सांगते. या मोजपट्टीने पाहिले तर जुना_शिंपी यांनी शिफारस केलेल्या अडीच इंची शहरी हॅट कमी पडतात. कान आणि मान उघडी राहते. म्हणून रोजच्या चालण्यासाठी रुंद काठ आणि संध्याकाळच्या समारंभासाठी अरुंद, अशी विभागणी मला जास्त पटते. आपली कातडी सावळी आहे, आपल्याला काय होणार, असे म्हणणारे काका प्रत्येक मंडळात असतात. धोका कमी असतो, पण तो नसतोच असे नव्हे, आणि उन्हाने डोळ्यांचे व्हायचे ते नुकसान कातडीचा रंग पाहून होत नाही.

बायकांना एक व्यावहारिक सूचना: मानेवरचा अंबाडा आणि मागे उतरता काठ यांचे अजिबात जमत नाही, हॅट पुढे ढकलली जाऊन नाकावर येते. सैल वेणी घालावी. साडीवर हॅट घालावी का, असे मला एका मैत्रिणीने विचारले होते. हातमागाच्या सुती साडीवर वाळूच्या रंगाची हॅट मी उघड्यावरच्या कार्यक्रमाला घालते आणि ती छान दिसते. पैठणीवर घालू नये. पैठणीची जर आणि हॅटचा फेल्ट दोन्ही एकाच वेळी लक्ष मागतात.


पेठकर

मी पुण्यात असतो. मुलगा ब्रिस्बेनला आहे, तो येताना आणतो म्हणतो. आमच्या पिढीने ही हॅट प्रथम पाहिली ती क्रिकेटच्या प्रक्षेपणात. खेळपट्टीत किल्ली खुपसून पाहणारे टोनी ग्रेग आणि त्यांची रुंद काठाची पांढरी हॅट हे चित्र विसरता येत नाही. प्रश्न असा की पुण्याच्या हवेत फेल्ट टिकेल का, आणि सकाळी टेकडीवर फिरायला घातली तर हसे होईल का?


जुना_शिंपी

पेठकर, हसे होईल की नाही ते टेकडीवरच्या मंडळींवर सोडू. तुमच्या हवेत नोव्हेंबर ते फेब्रुवारी फेल्ट सुखाने घालता येईल. एप्रिल-मे महिन्यांत ती सावली उत्तम देईल, पण डोक्यातली वाफ बाहेर सोडणार नाही. तेव्हा गवतीच बरी. खरा शत्रू पावसाळा आहे. दमट कपाटात फेल्टला बुरशी येते आणि कसर लागते. ठेवण्याआधी मऊ ब्रशाने सगळीकडून घासावी, आतली चामडी पट्टी बाहेर उलटवून दोन दिवस सावलीत वाळवावी आणि खोक्यात माथा खाली, काठ वर अशी ठेवावी. काठावर टेकवून ठेवली तर वळण सपाट होते. भिजली तर पंख्याखाली वाळू द्यावी, केस वाळवायचे यंत्र किंवा शेगडी जवळ नेऊ नये. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या काचेखाली तर कधीच ठेवू नये, चामडी पट्टी आक्रसते आणि हॅट एका मापाने लहान झाल्यासारखी होते.

माप घेताना मुलाला सांगा की कपाळावर भुवयांच्या थोडे वर आणि मागे फुगवट्यावरून फीत फिरवायची. किंचित सैल चालेल, पट्टीच्या मागे फोमची पट्टी घालता येते. घट्ट असेल तर उपाय जवळजवळ नाही.


फेटेवाला

रीतभातीचा प्रश्न धाग्यात विचारला होता, त्याला अजून कोणी हात घातलेला नाही.

आपल्याकडे जुन्या पद्धतीत मोठ्यांसमोर किंवा देवासमोर उघड्या डोक्याने जाणे वावगे मानत. पागोटे, फेटा, टोपी डोक्यावर असणे हाच मान. इथे नेमके उलट आहे. घरात, चर्चमध्ये, जेवणाच्या टेबलावर, राष्ट्रगीत चालू असताना पुरुषाने हॅट काढावी. माजी सैनिकांच्या आर. एस. एल. क्लबांमध्ये दारातच काढावी लागते आणि तिथे याबाबत कोणी सूट देत नाही. लग्नाच्या मेजवानीत मंडपाला छत असेल तर काढावी, उघड्या हिरवळीवर घालायला हरकत नाही. आता आपल्या मंडळाच्या गणपतीत काय करावे, तर तिथेही काढावी, पण कारण निराळे: आतली पट्टी चामड्याची असते. आरतीला डोके झाकायचे असेल तर पांढरी टोपी खिशात ठेवावी, मी तेच करतो.

दुसरी सूचना अधिक गंभीर आहे. हॅटचा एका बाजूचा काठ वर करून टाचणे ही सैनिकांची खूण आहे. १८८५ मध्ये व्हिक्टोरियाच्या घोडदळी रायफलधारी तुकडीने ही साधी फेल्टची हॅट उचलली. कवायतीत बंदूक खांद्याला लावताना काठ आड येऊ नये म्हणून तो वर वळवण्यात आला. व्हिक्टोरियात आणि टास्मानियात उजवा, इतर वसाहतींत डावा. संघराज्य झाल्यावर १९०३ पासून सगळीकडे एकच पद्धत आली. तिच्याभोवती गुंडाळलेल्या कापडी फेट्याला सात घड्या असतात, सहा राज्यांच्या सहा आणि प्रदेशांची एक. हा फेटा त्यांनी हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैन्याच्या डोक्यावरून उचलला. पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या लढाईपासून या हॅटला जे स्थान मिळाले आहे ते लक्षात घेता, केवळ चांगले दिसते म्हणून आपल्या अकुब्राचा डावा काठ टाचून घालणे, त्यातही २५ एप्रिलला, म्हणजे सैनिकांच्या स्मृतीच्या अँझॅक दिनी, हे इथल्या लोकांना दुखावणारे ठरते. काठ दोन्ही बाजूंनी सारखा ठेवावा.


मधली_गल्ली

माझे मूळ मत मी मागे घेत नाही, पण सोनमोहर यांच्या प्रतिसादाने त्याची धार कमी झाली हे मान्य करतो. ऊन अडवण्यासाठी घातलेल्या हॅटला सोंग म्हणणे अवघड आहे. सूर्य मावळल्यावर तीच हॅट घालून उपाहारगृहात बसलेल्यांबद्दल मात्र मी माझे मत राखून ठेवतो. मेलबर्नच्या सभासदांनी फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकाच्या खाली १९१० पासून असलेल्या हॅटच्या दुकानात प्रत्यक्ष घालून पाहावी, आंतरजालावर मागवू नये. दोन वेगवेगळ्या घाटांत एकाच मापाची हॅट डोक्यावर वेगळी बसते.


वॅगाकर (धागाकर्ते)

सर्वांचे आभार. एकीतच दोन्ही भागवण्याचा हट्ट मी सोडला. रोजसाठी रुंद काठाची ‘स्नोई रिव्हर’ घेतो. लग्न दुपारी तीनचे आणि उघड्यावरचे आहे; म्हणून तिथे ‘ग्राफाइट ग्रे’ रंगाची ‘कॅम्पड्राफ्ट’ नेईन आणि माथ्याला उथळ खळगा देईन. दोन्हींची किंमत प्रत्येकी दोनशे डॉलरच्या वर जाते, तेव्हा घरी मंजुरी मिळवण्याचे काम बाकी आहे. एक शेवटचा प्रश्न: गाडी चालवताना मागचा काठ सीटच्या उशीला लागून हॅट पुढे येते, यावर इथले लोक काय करतात?


उत्तरायण

काढून शेजारच्या सीटवर माथा खाली करून ठेवतात. सीटवर कोणी बसले असेल तर हॅट त्याच्या मांडीवर जाते, आणि काठाला धरायचे हे त्याला आधी सांगून ठेवावे लागते.